एका पत्र्यांत अधिकांत अधिक पाणी कसें मावेल ?

गुरांच्या पाण्यासाठीं पत्र्याची उघडी टाकी करवितांना आमचे शेतकरी बंधु पत्र्याचा भाव बारकाईनें पाहतात. परंतु टाकी खोल असावी कीं पसरट, हा निर्णय बहुधा कारागिरावर सोंपविला जातो. पत्रा तोच, मजुरी तीच. तरी माप चुकल्यास शंभर लिटर पाण्याची जागा व्यर्थ जाते. ही हानि गणिताच्या साहाय्यानें कशी टळते, तें आम्ही येथें सांगणार आहों.

६ फूट लांब व तितकाच रुंद पत्रा घ्यावा. त्याच्या चारहि कोपऱ्यांचे सारखे चौरस कापून कडा वर वळवाव्या व सांधे डाख लावून बंद करावे, म्हणजे टाकी तयार होते. कापलेल्या चौरसाची बाजू हीच टाकीची उंची. अर्धा फूट कापल्यास टाकींत १२.५ घनफूट पाणी मावतें, दीड फूट कापल्यास १३.५, आणि २ फूट कापल्यास अवघें ८. म्हणजे उंचीबरोबर घनफळ प्रथम वाढतें, व पुढें तळ आखूड होत गेल्यामुळें घटूं लागतें. मग ही वाढ नेमकी कोठें थांबते ?

याचें उत्तर कलनशास्त्र देतें. उंचीस क्ष म्हटल्यास तळाची बाजू ६ − २क्ष, व घनफळ क्ष(६ − २क्ष)², म्हणजेच ३६क्ष − २४क्ष² + ४क्ष³ होतें. उंची किंचित् वाढविली असतां घनफळ ज्या मानानें बदलतें, तें मान ३६ − ४८क्ष + १२क्ष² येतें. डोंगराच्या माथ्यावर चढ संपलेला असतो व उतार सुरू झालेला नसतो. त्याचप्रमाणें घनफळ सर्वांत अधिक असतां हें मान शून्य असतें. त्यावरून क्ष ची किंमत १ किंवा ३ निघते. ३ फूट कापल्यास तळच उरत नाहीं. म्हणून उंची १ फूट ठेवावी. पाणी १६ घनफूट, म्हणजे सुमारें ४५३ लिटर मावतें. चौरस पत्रा कोणत्याहि मापाचा असो, त्याच्या बाजूचा सहावा हिस्सा कापावा, हा नियम.

अशा गणिताचा एक प्रसिद्ध प्रारंभ बाजारांतच झाला. ज्योतिषी केप्लर यानें १६१३ सालीं ऑस्ट्रियांतील लिंट्झ येथें आपल्या दुसऱ्या विवाहानिमित्त द्राक्षमद्य विकत घेतलें. व्यापाऱ्यानें पिंपाच्या छिद्रांतून तिरपी काठी घालून तिच्या मापावरून मद्याचें परिमाण ठरविलें. पिंपांचे आकार निरनिराळे असतां एकच काठी कशी पुरते, या शंकेंतून त्यानें १६१५ सालीं पिंपांच्या घनफळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. घनफळ सर्वाधिक असतें त्या आकारांत अल्प फेर पडल्यास घनफळ फारसें बदलत नाहीं, असें त्यास आढळून आलें.

आमच्या टाकीसहि हें लागू पडतें. उंची ०.९ किंवा १.१ फूट झाली, तरी सुमारें १५.८८ घनफूट पाणी मावतें. तूट शेंकडा एकाहूनहि कमी. म्हणून कारागिराचा हात बोटभर चुकल्यास चिंता नको. मात्र अर्ध्या फुटाची चूक सातव्या हिश्शाहून अधिक पाणी गमावते. यास्तव कात्री चालण्यापूर्वींच शेतकऱ्यानें स्वतः खूण करून द्यावी. आणि भरलेल्या टाकींतील पाण्याचेंच वजन सुमारें ४५३ किलो होतें, हें ध्यानीं ठेवून तिच्या तळाखालीं सपाट व भक्कम ओटा घालावा.