बादलीभर चेंडू आणि आमचे मेहुणे

माझी धाकटी बहीण अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी महिनाभर तिच्याकडे राहून आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा मोह मी आवरला आहे, वाचकांनी भिऊ नये! सांगायचे आहे ते आमच्या मेहुण्यांविषयी.

मेहुणे मूळचे दादरचे. लहानपणी गल्लीत रबरी चेंडूने क्रिकेट खेळले, एवढाच त्यांचा खेळाशी संबंध. पण तिथे पाहतो तो काय, हे गृहस्थ ऑफिसातून येतात, अर्धा चहा तसाच ठेवतात, डोक्यावर टोपी चढवतात आणि मोटारीच्या डिकीत बादलीभर चेंडू टाकून मैदान गाठतात. माझा भाचा दहा वर्षांचा. त्याच्या बेसबॉल-संघाचे हे शिक्षक! पगार एक पैचाही नाही.

"नाव घालायला गेलो, तेव्हा विचारलं, कोणी पालक शिकवायला तयार आहे का? सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. माझी मान वर राहिली, एवढाच माझा गुन्हा," मेहुणे सांगत होते. मग रात्री जागून पुस्तकावरून खेळ शिकले.

ही रीत तिथे जुनी आहे. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने आपल्या भाच्यांसाठी मुलांचे तीन संघ उभे केले. मोठ्यांच्या खेळात एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट धावावे लागते. त्याने ते अंतर ६० फूट केले. तीच पुढे 'लिटल लीग' झाली. मुलींना मात्र तिचे दार उघडायला १९७४ साल उजाडले. आजही गावोगावचे हे संघ चालतात ते अशाच आईबापांच्या जिवावर.

एका शनिवारी सामना पाहायला गेलो. भाचा निम्मा वेळ बाकावर बसून होता. मी विचारले तर मेहुणे हळूच म्हणाले, "प्रत्येक मुलाला खेळवायचंच, असा नियम आहे. मग कोणाला तरी बसवावं लागतं. आपल्या पोराला बसवलं की तक्रार घरातच राहते." ती घरात राहते, हे मी रात्री ऐकलेच!

शेवटचा डाव आला. आपला संघ एका धावेने पुढे. चेंडू टाकणारा मुलगा संघातला सर्वांत तरबेज. दहा वर्षांच्या मुलाने दिवसात ७५ चेंडूंवर टाकायचे नाहीत, कोवळे कोपर दुखावते म्हणून. त्याचे ६६ झाले होते. नियमाने अजून नऊ शिल्लक. पण तो दोनदा कोपर चोळताना दिसला आणि मेहुण्यांनी मैदानात जाऊन त्याच्या हातून चेंडू काढून घेतला. मुलाच्या डोळ्यांत पाणी. त्याचे वडील कुंपणापाशी येऊन काय काय बोलले, ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या मुलाने चेंडू टाकले आणि सामना एका धावेने गेला.

मेहुणे कोणालाच काही बोलले नाहीत. रडणाऱ्या मुलाजवळ गुडघे टेकून बसले आणि बर्फाची पिशवी त्याच्या कोपरावर धरून राहिले.

मला मात्र पुण्यातली माझी गाडी आठवत होती. मुलाला क्रिकेटच्या शिबिराला सोडतो, फी वेळेवर भरतो आणि दोन तास गाडीत बसून उत्तरपत्रिका तपासतो. तो मैदानात कुठल्या जागी उभा राहतो, हे मला सांगता येणार नाही. तसा मी जागरूक पालक म्हणून प्रसिद्ध आहे!

मंडळी पांगली. त्या मुलाचे वडील त्याला घेऊन मान फिरवून निघून गेले. भाचा तोंड फुगवून मोटारीत बसला. मेहुणे बादलीतले चेंडू मोजत होते.

"एक कमी भरतोय," ते म्हणाले आणि कुंपणापलीकडच्या गवतात शिरले. मीही विजार वर खोचून त्यांच्या मागोमाग शिरलो.