मयेच्या गाळात मोजायचे राहिलेले काही

गोव्यातल्या डिचोलीचा खाणपट्टा 2024 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि मये गावातल्या शेतात उतरणाऱ्या गाळाचा प्रश्न ऐरणीवर आला. चर्चा अडते ती लोह, मँगनीज आणि नुकसानभरपाईवर. माझ्या मते त्या मातीतले जिवाणूही तपासायला हवेत. जिवाणूंची जनुके आईकडून लेकीकडे जातात, तशीच शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही. प्लास्मिड हे डीएनएचे सुटे कडे. दोन जिवाणू चिकटले की त्याची प्रत एकातून दुसऱ्यात जाते, जात वेगळी असली तरी. मुळांभोवती, जिथे अन्न भरपूर आणि गर्दी दाट, तिथे हे अधिक घडते. तांबे, जस्त, पारा यांना तोंड देणारी जनुके आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके अनेकदा एकाच प्लास्मिडवर असतात. म्हणून प्रतिजैविकाचा थेंबही न पडलेल्या जमिनीत धातूचा ताण प्रतिकारक्षम जिवाणूंना पुढे आणू शकतो.

यावर रास्त आक्षेप असा, की लोह म्हणजे पारा नव्हे. जिवाणूंना ते लागतेच, आणि आपली जांभ्याची माती मुळातच लोहाने लाल. हे खरे आहे, लोहाविरुद्धचा पुरावा तोकडाच आहे. पण भाताच्या मळ्यात पाणी साचले की थोड्याच दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. आधी मँगनीज, मग लोह विरघळू लागते. पाण्यावर नारिंगी तवंग येतो, पानांवर तांबूस ठिपके उमटतात. कोरड्या उन्हाळ्यात घेतलेला नमुना हा ताण दाखवणार नाही.

दुसरा आक्षेप : प्रतिकार पुरातनच आहे. कॅनडातल्या 30,000 वर्षे गोठलेल्या मातीत तो सापडल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. पण प्रश्न वयाचा नाही, हलण्याचा आहे. क्लुव्हेरा या जिवाणूच्या गुणसूत्रावर निमूट बसलेले एक जनुक प्लास्मिडवर चढले, ई. कोलायपर्यंत पोचले, आणि सेफोटॅक्झिमसारखे औषध निकामी करणारी सीटीएक्स-एम विकरे रुग्णालयांत पसरली. म्हणून नुसते प्रतिकाराचे जनुक सापडले एवढ्याने घाबरू नये. ते प्लास्मिडवर आहे का, जनुके गोळा करणारे इंटिग्रॉन सोबत आहे का, हे पाहावे. गाळ पोचलेला मळा आणि न पोचलेला मळा, पेरणीपूर्वी आणि पाणी भरल्यावर, अशी तुलना हवी. एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि गोवा विद्यापीठ जवळच आहेत. गाळ न लागलेल्या मळ्यांचे नमुने मात्र आत्ताच गोठवून ठेवायला हवेत. तो सगळीकडे पसरल्यावर तुलनेला माती उरणार नाही.