मांजरांचे डोळे का येतात?

डोळे चिकटलेली मांजराची पिल्ले आपल्या पशुरुग्णालयात येतात, तेव्हा पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : “डोळा तर आठवड्यात स्वच्छ झाला, मग औषध चार आठवडे कशासाठी?” देणगीदारांच्या पैशातून औषधांची देयके चुकती करणारा मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, प्रारंभी हा प्रश्न मलाही पडत असे. आमच्या पशुवैद्यकांकडून जे समजले, ते येथे नमूद करीत आहे.

या विकाराच्या मुळाशी पुष्कळदा हर्पीस जातीचा विषाणू असतो. जिवाणूंमध्ये प्रमुख ‘क्लॅमिडिया फेलिस’. माणसांत खुपऱ्या निर्माण करणारा जिवाणू याच कुळातला. (भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले, मार्जारकुळातील हा भाऊबंद मात्र टिकून आहे.) तो बहुधा वर्षाच्या आतील पिल्लांना गाठतो. प्रथम एक डोळा सुजतो, काही दिवसांत दुसरा.

हा जिवाणू पेशीच्या आत शिरून वाढतो आणि डोळ्यापुरता मर्यादित राहत नाही. त्यामुळे केवळ थेंबांनी भागत नाही. डॉक्सिसायक्लिन पोटातून द्यावे लागते. लक्षणे लवकर ओसरतात, पण औषध मध्येच थांबविल्यास रोग उलटतो. घरातील इतर मांजरांनाही तेच औषध द्यावे लागते, हे पालकांना पटविणे सर्वांत कठीण! गोळीनंतर थोडे पाणी अवश्य पाजावे. ती अन्ननलिकेत अडकल्यास तेथे जखम होऊन नलिका आकसते.

‘मायकोप्लाझ्मा’ हा दुसरा जिवाणू. त्यास पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन वर्गातील औषधे त्याच्यावर निष्प्रभ ठरतात.

नवजात पिल्लांचे डोळे साधारणतः सात ते चौदा दिवसांत उघडतात. त्यापूर्वी मिटलेली पापणी फुगलेली दिसल्यास आत पू साचलेला असू शकतो. अशा वेळी एक दिवसही दवडू नये, बुबुळ कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. घरात उरलेले स्टेरॉईडयुक्त थेंब तर कदापि घालू नयेत. विषाणूमुळे बुबुळावर व्रण असेल तर ते घातक ठरतात.

औषध संपत आले की आमचे कर्मचारी पालकांना दूरध्वनी करून पुढील पुडी नेण्याची आठवण देतात. पिल्लू बरे दिसत असले तरी ती पुडी अवश्य न्यावी, ही नम्र विनंती.