शिशाच्या गोळीला कोरडं वंगण

 १८५७ मध्ये एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून उठाव पेटला होता. पण मुळात गोळीला चरबी लागते कशाला?

शिसं मऊ असतं आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. नळीतल्या पिळाच्या खाचांतून जाताना ते तिथेच चिकटून बसतं. दोष घर्षणाला दिला जातो. पण बरेचदा खरा गुन्हेगार असतो तो गोळीच्या कडेच्या फटीतून निसटणारा तप्त वायू. मेण किंवा चरबी ही फट बुजवायला मदत करते.

परदेशात घरी गोळ्या ओतणारे हौशी लोक कधी कधी कोरडा फवारा मारतात. द्रावक उडून जातं, मागे ग्रॅफाइट, मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा टेफ्लॉनचा पातळ थर उरतो. तो घर्षण घटवतो, फट मात्र बुजवत नाही. म्हणून नुसत्या फवाऱ्यावर भिस्त ठेवणं मला तरी फोल वाटतं.

ग्रॅफाइटचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात, पण त्यासाठी हवेतली वाफ लागते; निर्वातात ते निकामी ठरतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड तिथेही चालतं, म्हणूनच ते अंतराळयानांत वापरतात.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना गोळ्या बनवणं गुन्हा आहे. कोरड्या वंगणाचा गुण पाहायचाच असेल, तर दाराच्या कुरकुरत्या कुलपात तेलाऐवजी चिमूटभर ग्रॅफाइटची पूड घाला. तेलावर धूळ बसते.