हजार विड्यांचा दिवस

श्रमाचे तास म्हटले की शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा उभा राहतो. भोंगा झाला की काम सुरू, पुन्हा भोंगा झाला की काम बंद. मजुराचा दिवस किती लांबीचा, हे कोणासही त्यावरून सांगता यावे. परंतु ज्या कामास भोंगाच नाही, त्याचा दिवस कोणी व कसा मोजावा? भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, आंबागडच्या जुन्या किल्ल्याच्या टापूत, मोजलेले व न मोजलेले असे दोन्ही प्रकारचे श्रम आढळतात.

याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीत पाळी असते, हजेरी असते. जमिनीखाली काम करणारास दिवसाचे ८ व आठवड्याचे ४८ तास, अशी मर्यादा १९५२ च्या खाण कायद्याने घालून दिली. काम कष्टाचे खरे. पण ते केव्हा संपावयाचे, हे खाणकामगारास ठाऊक असते.

विडीचा धंदा याहून निराळा. उन्हाळ्यात रानातील तेंदूची पाने तोडून, वाळवून पोत्यांत भरतात. पुढे कारखानदार व मजूर यांच्यामधील सट्टेदार पाने, जर्दा व सूत मोजून घरोघर देतो आणि तयार विड्या मोजून घेतो. मजुरी ठरते ती तासांवर नव्हे, तर हजार विड्यांवर. पाने भिजविणे, ती मापाने कापणे, जर्दा घालून वळणे, सूत गुंडाळणे, तोंड मुडपणे व जुड्या बांधणे, इतके सोपस्कार आटोपून हजार विड्या पुऱ्या करण्यास सराईत हातासही सबंध दिवस लागतो. पाने भिजविण्याकापण्याचा निराळा दाम नसतो. पाने कमी पडली तर पदरच्या पैशाने आणावयाची. विडी नापसंत ठरली तर तिच्यावरचे श्रम फुकट. मग आई विड्या वळते, मुलगी पाने कापते, आजी तोंडे मुडपते. वहीत नाव मात्र एकीचेच! एका नावाखाली किती जणींचे तास गेले, याची नोंद कोठेच होत नाही.

असा मजूर कायद्याने कोणाचा नोकर, हा वादही दीर्घकाळ चालला. सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार असून त्यांचे मजूर कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली चिंतामणराव खटल्यात दिला. १९६० साली नागपूरच्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने म्हटले की, तेथे येऊन नगावर काम करणारे मजूर आपल्या सोयीने येत-जात असले तरी ते कामगारच होत. कारण विडी नापसंत करण्याच्या अधिकारातच मालकाची हुकमत दिसून येते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांसही कामगार मानले. तथापि दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८ तास ही त्यातील मर्यादा कारखान्याच्या आवारापुरतीच होती; घराच्या ओसरीस ती लागू नव्हती. पुढे संसदेने २०२० साली केलेल्या श्रमसंहितेत हा कायदा विलीन करण्यात आला.

अतिश्रमाचा रोग केवळ खेड्यातला किंवा गरीब धंद्यातला नव्हे. चीनमधील संगणकविषयक कंपन्यांत सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, अशी रीत रुळली होती. त्या देशाचा १९९४ चा श्रमकायदा दिवसाचे ८ व आठवड्याचे सरासरी ४४ तासच मान्य करतो. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च लोकन्यायालयाने ही रीत बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. तेथे निदान घड्याळाची साक्ष काढता आली. ओसरीवरील सुपाजवळ ती साक्ष मिळत नाही.

तेथे मजुरीचा दर हेच घड्याळ होय. दर उतरला की दिवस लांबतो. पोटापुरते मिळविण्यासाठी हजाराच्या पुढे हात चालवावा लागतो. म्हणून पाने कापण्याचा वेळ धरून साधारण हात ८ तासांत जितक्या विड्या वळू शकेल, तितक्यांवर दिवसाची पुरी मजुरी बसेल असा दर ठरणे आणि काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढ स्त्रीचे नाव वहीत चढणे, हेच घरच्या कामाच्या तासांना बांध घालण्याचे साधन होय. दर ठरविणाराने कागदावर केवळ विड्यांची संख्या न मांडता तिच्या शेजारी तासांची संख्याही मांडली, तरच ओसरीवरचा दिवस कोठे संपतो हे सांगता येईल.