गुडघ्याचे दुखणे आणि पडण्याचे निमित्त

आपल्या टी. टी. नगरातील तात्या टोपे स्टेडियमच्या बाजूने सायंकाळी फेरफटका मारावा, तर धावणारी आणि आपटणारी मुले हमखास दृष्टीस पडतात. पडणे हा बालपणाचा हक्कच आहे आणि बहुतेक गुडघे आठवड्याभरात बरे होतात. प्रस्तुत लेख उरलेल्या गुडघ्यांविषयी आहे. "डॉक्टर, सायकलवरून पडला, तेव्हापासून दुखतंय," असे पालक सांगतात. पण 'तेव्हापासून' म्हणजे 'त्यामुळेच' असे नव्हे. मूल रोजच कुठेतरी पडत असते, त्यामुळे कोणत्याही दुखण्याला निमित्त सहज सापडते.

या संदर्भात कॅनडाच्या टेरी फॉक्सची आठवण होते. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि उजव्या गुडघ्याला मार लागला. गुडघा दुखत राहिला, तरी तो बास्केटबॉल खेळत राहिला. मार्च १९७७ मध्ये वेदना असह्य झाल्यावर हाडाच्या कर्करोगाचे, ऑस्टिओसार्कोमाचे, निदान झाले आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. पुढे १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवस धावून कर्करोग संशोधनासाठी निधी उभारणारा हाच तो तरुण. हा रोग मारामुळे होत नाही. मार केवळ गुडघ्याकडे लक्ष वेधतो. असा रोग अत्यंत विरळ आहे, म्हणून पालकांनी घाबरून जाऊ नये. मात्र रात्री झोपेतून उठवणारे, दिवसागणिक वाढणारे, एकाच पायाचे दुखणे 'मुका मार' म्हणून सोडून देऊ नये. साधा एक्स-रे बरेच काही सांगून जातो.

याहून अधिक वेळा हुलकावणी देतो तो खुबा. खुब्याची आणि गुडघ्याची संवेदना काही समान मज्जातंतूंतून जाते. परिणामी रोग खुब्यात आणि तक्रार गुडघ्याची, असा प्रकार घडतो. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलाला पर्थिसचा विकार असू शकतो, तर वाढीच्या वयातील, विशेषतः स्थूल मुलामुलींत मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या रेषेवर सरकलेले असू शकते. हे सरकणे वेळीच ओळखून शस्त्रक्रियेने थांबवावे लागते. विलंबाने खुबा कायमचा बिघडू शकतो. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की गुडघा दुखणाऱ्या मुलाला उताणे निजवून त्याचा खुबा आतल्या बाजूस वळवून पाहावा. त्याला अर्धे मिनिट पुरते. शंका आल्यास दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढावा, सरळ आणि बेडकासारखे पाय फाकवूनही.

ताप असून मूल पाय टेकवत नसेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. क्षुल्लक मारानेही वारंवार सुजणाऱ्या मुलग्याच्या गुडघ्यात हिमोफिलिया दडलेला असू शकतो. महिनोन्‌महिने सुजलेला गुडघा आणि बारीक होत चाललेली मांडी दिसली, तर आपल्या देशात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो.

आता खऱ्याखुऱ्या माराविषयी. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे दिवसातून तीन-चार वेळा, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच ठेवणे, एवढे पुष्कळदा पुरेसे असते. वेदनेसाठी वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे; मुलांना ॲस्पिरिन नको. आजीच्या आंबेहळदीच्या लेपास माझी हरकत नाही, त्वचा फाटलेली नसावी एवढेच. ताज्या मारावर जोराने मालीश करणे किंवा पहिलवानाकडून पाय ओढून घेणे यास मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. काही तासांतच गुडघा टम्म फुगला, अडकला, चार पावले टाकता येईनात किंवा काटकोनापर्यंत वाकेना, तर त्वरित अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावे.

दुखणे लांबण्याचे सर्वांत सामान्य कारण मात्र निराळेच आहे. गुडघा दुखतो म्हणून पाय वापरला जात नाही, मांडीचा पुढचा स्नायू पंधरवड्यातच रोडावतो आणि मग आधार गमावलेला गुडघा अधिकच दुखतो. तेव्हा गंभीर इजा नसल्याची खात्री झाल्यावर उताणे निजून, गुडघा सरळ ठेवून, पाय वीतभर उचलावा, पाच आकडे मोजावे व खाली ठेवावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. आजी-आजोबांनाही हाच व्यायाम उपयोगी आहे. मात्र पंचावन्न वर्षांवरील व्यक्ती गुडघ्यावर पडली असेल, तर आधी एक्स-रे काढावा. मुलाला मैदानावर परत धाडताना तारखेकडे पाहू नये. दोन्ही मांड्यांचा घेर फितीने मोजावा आणि दुखऱ्या पायावर लंगडी घालायला सांगावे. ती न कण्हता घातली, की खुशाल खेळू द्यावे.