खेळायची पडवी

श्रोतेहो, घरात खेळायला वेगळी खोली म्हणजे शहरी बंगल्याची चैन, असे आपण म्हणतो. पण गुहागरचे जुने कौलारू घर आठवून पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अंगणात चिखल, समुद्र खवळलेला. मग पोरे खेळत कुठे? पडवीत! बाहेर पागोळ्या गळताहेत आणि आत सारवलेल्या जमिनीवर खडूने चल्लसआठचा पट आखलेला. दान टाकायला कवड्या; त्या नसल्या तर फोडलेले चिंचोके. माजघरात मुलींचे सागरगोटे. हे किनाऱ्याकडच्या काटेरी वेलीचे बी, पैसा लागत नाही. ओटीवरचा झोपाळा मात्र वडीलधारे उठले तरच मिळायचा, बरं का!

आता स्लॅबचे घर बांधताना पडवी भिंतीत जाते, तिची पर्यटकांसाठी खोली होते. चार पैसे येतात, त्यात वाईट काही नाही. पण आषाढात मूल मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते, तेव्हा आपण त्यालाच रागावतो. बांधकाम काढण्यापूर्वी छपराखाली निदान आठ हात जागा मोकळी सोडता येईल का, हे गवंड्याला विचारा. आणि गुरुजी, जूनमध्ये शाळा उघडली की मुलांना आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगा. पावसात खेळायची जागा कुठली, तेवढी रंगवायला लावा.